महामार्गावरील नवा दुचाकीस्वार आणि त्याचे स्वास्थ्य

आपल्या बेटाची लांबी ती केवढी! उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या किनाऱ्यापर्यंत जेमतेम ६५ किलोमीटर. तथापि एवढ्याशा अंतरात समुद्रकाठची दमट उष्णता, पठारावरचे धुके, उसाच्या फडांवरून सुसाटत येणारा वारा आणि अकस्मात कोसळणारी सर, या साऱ्यांची गाठ पडते. मोटारीच्या काचेआड बसलेल्या प्रवाशास याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. दुचाकीस्वारास मात्र हे सारे अंगावर घ्यावे लागते; आणि ज्याने नुकताच परवाना मिळवून प्रथमच महामार्गाची वाट धरली आहे, त्यास तर ते एकाच वेळी चालून आल्यासारखे वाटते.

एम-१ हा महामार्ग, ज्यास बोलीत सारे ‘ओतोरुत’ म्हणतात, प्लेझान्सच्या विमानतळाकडून निघून नुव्हेल फ्रान्स, फिनिक्स, रेद्वी असे टप्पे घेत पोर्ट लुईस उतरतो. तेथून एम-२ उत्तरेकडे, ग्रां बेच्या दिशेने जातो. राजधानीत हा रस्ता बंदराच्या कडेने आप्रवासी घाटास अगदी खेटून जातो. १८३४ साली सुरू झालेल्या करारबद्ध मजुरीच्या काळात ज्या किनाऱ्यावर आपले पूर्वज बोचकी घेऊन उतरले, त्या घाटाच्या १६ पायऱ्यांच्या शेजारून आज त्यांची पणतवंडे मोटारसायकलीवर बसून कामास जातात. कोणी एबेनच्या कचेरीत, कोणी उत्तरेकडच्या हॉटेलात, कोणी विमानतळावर रात्रपाळीस. बसच्या वेळा त्यांच्या पाळ्यांशी जुळत नाहीत, आणि मोटार घेण्याइतकी ऐपत अद्याप आलेली नसते. दुचाकी ही अशा तरुणाची हौस खरी, परंतु हौसेहून अधिक ती त्याची निकड आहे.

त्या तरुणाच्या घरी दुचाकी आली की काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. आजी पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू लावते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा राग करू लागते. आई रोज सकाळी दारातून ‘हळू जा रे’ म्हणते. वडील काही बोलत नाहीत. परंतु रात्री दुचाकीचा आवाज येईपर्यंत त्यांना झोप लागत नाही. ही भीती निराधार मानण्याचे कारण नाही. आपल्या रस्त्यांवर प्राण गमावणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा फार मोठा असतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. पण ‘हळू जा’ एवढ्या दोन शब्दांनी ती भीती दूर व्हावयाची नाही, व स्वाराचे रक्षणही व्हावयाचे नाही. महामार्गावर नवशिक्याची शक्ती खाणाऱ्या गोष्टी वेगाहून निराळ्या आहेत. वारा, गोंगाट, गारठा, ओले कपडे, आखडलेले हात. या प्रत्येकाने त्याच्या अवधानाचा थोडा थोडा भाग हिरावून घेतला की, समोरच्या लॉरीचा लाल दिवा पेटल्याचे ध्यानात येण्यास त्यास क्षणभर उशीर होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या स्वाराचा एक क्षण म्हणजे २२ मीटर. स्वास्थ्य हा शब्द येथे चैनीच्या अर्थाने घ्यावयाचा नाही, तो या २२ मीटरांच्या हिशेबाने घ्यावयाचा आहे.

प्रथम वाऱ्याचा विचार करावा, कारण नवशिक्यास सर्वाधिक छळणारा तोच. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. गावातल्या रस्त्याने ताशी ४५ किलोमीटर जाताना छातीवर जो दाब पडतो, त्याच्या चौपट दाब ९० च्या वेगास पडतो. परवान्याच्या परीक्षेत हा अनुभव कोणास मिळत नाही. तेव्हा महामार्गावर पहिल्यांदा आलेला स्वार स्वाभाविकपणे हँडल घट्ट धरून स्वतःस पुढे ओढू लागतो. खांदे कानांपर्यंत चढतात, कोपरे ताठ होतात, जबडा आवळला जातो. दहा मिनिटांत मनगटे दुखू लागतात आणि बोटांना मुंग्या येतात. इतकेच नव्हे, तर ताठ झालेले हात वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट पुढच्या चाकापर्यंत पोहोचवितात, दुचाकी डगमगते, आणि ती डगमगली म्हणून स्वार तिला अधिकच घट्ट धरतो. वाहन बिघडले आहे, असा त्याचा समज होतो. वास्तविक चालत्या मोटारसायकलीस सरळ राहण्याची स्वतःची एक प्रवृत्ती असते, आणि तिला त्या कामी स्वाराच्या मुठीचा केवळ अडथळा होत असतो.

यावरचा उपाय हातांत नाही, तो मांड्यांत आणि पोटात आहे. गुडघ्यांनी टाकी हलकेच आवळून धरावी, पावले पायदांड्यांवर नीट टेकावीत, आणि कमरेपासून किंचित पुढे झुकून धडाचा भार पोटाच्या व पाठीच्या स्नायूंवर घ्यावा. मग हातांना भार उरत नाही. झुकलेल्या छातीस समोरचा वारा थोडा आधारही देतो. कोपरे वाकलेली असावीत. मूठ कितपत घट्ट असावी? पठारावर पिकलेली लाल गोयाव तोडताना, फळ चिरडू नये म्हणून जेवढा जोर लावतो, तेवढा पुरे. दर काही मिनिटांनी कोपरे पंखांसारखी किंचित हलवून पाहावीत. ती सहज हलली तर सारे ठीक आहे. श्वास रोखला गेला आहे की काय, हे ओळखण्याची याहूनही सोपी रीत म्हणजे शिरस्त्राणाच्या आत एखादी पाठ असलेली आरती गुणगुणणे. ज्याचा श्वास अडला आहे त्यास एक कडवेही पुरे करता येत नाही, आणि आत कोणी ऐकत नसल्यामुळे सुराची चिंता नसते. स्कूटरवर गुडघ्यांत धरावयास टाकी नसते. तेथे दोन्ही पावले फळीवर दाबून ठेवावीत, आणि वेग मोटारसायकलस्वाराहून कमीच राखावा, कारण सरळ बसलेला देह व रुंद पुढा मिळून शिडासारखे काम करतात.

समोरचा वारा थकवितो. आडवा वारा घाबरवितो. आपल्याकडे आग्नेयेचे व्यापारी वारे मे ते ऑक्टोबर या थंडीच्या महिन्यांत विशेष जोराने वाहतात. फिनिक्सकडून विमानतळाकडे जाणाऱ्यास ते बहुतांशी समोरून लागतात. एम-२ वरून उत्तरेकडे जाणाऱ्यास मात्र ते उजव्या बाजूने येतात, आणि परतताना डावीकडून. आता येथे उसाचा संबंध येतो. उभा ऊस दोन-तीन पुरुष उंच भिंतीप्रमाणे वारा अडवून धरतो. जून महिन्यापासून तोडणी सुरू झाली की ही भिंत तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होऊ लागते. काल जेथे आडोसा होता तेथे आज उघडे रान. स्वार उभ्या फडाच्या छायेतून निर्वेधपणे जात असतो, आणि फड संपताच वारा त्यास एका हाताने ढकलल्यासारखा बाजूस सारतो. ज्यांच्या पूर्वजांनी हाच ऊस लावला व तोडला, त्यांच्या नातवंडांनी निदान तो कोठे उभा आहे आणि कोठे संपतो, एवढे दुरून पाहण्यास चुकू नये. फडाची कड दिसली की वेग थोडा कमी करावा, अंग सैल सोडावे, आणि आपल्या पट्ट्याच्या मध्यभागी यावे, म्हणजे दोन्ही बाजूंस हातभर जागा राहते. वारा उजवीकडून आला तर हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे दाबावी; दुचाकी वाऱ्याच्या दिशेस किंचित कलते आणि सरळ रेषेत जात राहते. हे वाचावयास विपरीत वाटते खरे. रिकाम्या रस्त्यावर दोनचार वेळा करून पाहिले म्हणजे पटते.

उसाच्या लॉऱ्या आणि बसगाड्या यांचा वारा निराळाच. मोठ्या वाहनाच्या मागे हवेचा भोवरा असतो. त्यात सापडलेल्या स्वाराचे शिरस्त्राण थडथडू लागते आणि मान अवघडते. अशा वेळी मागे सरावे, थडथड थांबेपर्यंत. नाहीतर उजवीकडून एकदम पुढे निघून जावे. शेजारी रेंगाळणे सर्वांत वाईट, कारण तेथे वाहन प्रथम बाहेर ढकलते, मग आत ओढते, आणि चालकाच्या आरशातही स्वार दिसत नाही. तोडणीच्या दिवसांत लॉरीतून सुटलेली उसाची कांडकी आणि पाचट रस्त्यावर पडलेले असते, हे आणखी एक कारण.

गोंगाटाकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. इंजिनाचा आवाज त्रासदायक, अशी समजूत आहे. परंतु महामार्गावर खरा आवाज वाऱ्याचा असतो, आणि तो शिरस्त्राणाच्या कडेखालून आत येतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास तो कानाशी १०० डेसिबेलच्या घरात जातो. कारखान्यातील कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी जे मान अमेरिकेत सुचविले आहे, त्याप्रमाणे ८५ डेसिबेलचा आवाज आठ तास सोसता येतो, आणि दर तीन डेसिबेलांमागे ती मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबेलांस केवळ १५ मिनिटे. प्लेन मान्येंहून पोर्ट लुईस रोज जाऊन येणाऱ्या तरुणाने हा हिशेब स्वतःच करून पाहावा. घरी परतल्यावर कानांत शीळ वाजते व डोके जड होते, ते या कारणाने. पुष्कळांस तो दिवसभराच्या कामाचा शीण वाटतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फेसाचे बोळे कानांत नीट बसविले तर हा आवाज वीस-तीस डेसिबेलांनी उतरतो. भोंगा आणि रुग्णवाहिकेची घंटा त्यातूनही ऐकू येते. साध्या कापसाचा तसा उपयोग होत नाही. शिरस्त्राण मापाचे असणे हे त्याहूनही अगत्याचे. ते डोके हलविल्यावर सैल फिरता कामा नये, गालांस दाटून बसावे, परंतु कपाळावर एकाच ठिकाणी बोचू नये. थोरल्या भावाचे जुने शिरस्त्राण धाकट्यास देणे ही काटकसर आपल्या घरांत दिसते. तिला काटकसर म्हणवत नाही.

पठारावरील गारठा हा विषय परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. उष्ण कटिबंधातील बेटावर थंडी ती काय, असेच कोणीही म्हणेल! परंतु एम-१ पोर्ट लुईच्या समुद्रसपाटीपासून निघून क्यूरपिपच्या बाजूस सुमारे पाचशे मीटर उंचीच्या प्रदेशात चढतो, आणि तेवढ्या अंतरात तापमान चार-पाच अंशांनी खाली येते. बंदरावर घाम पुसत निघालेला सदराधारी तरुण अर्ध्या तासाने जुलैच्या संध्याकाळी पठारावर पोहोचतो, तो ओलसर सदरा व ८० किलोमीटरचा वारा घेऊन. घामाने भिजलेले कापड वाऱ्यात अंगातील उष्णता वेगाने काढून घेते. प्रथम बोटे बधिर होतात, आणि ब्रेक व क्लच ही तर बोटांचीच कामे. मग कुडकुडणे सुरू होते. कुडकुडणारा माणूस ‘आता घर जवळच आले’ एवढा एकच विचार करतो. रस्त्याचा विचार त्याच्या मनातून केव्हाच गेलेला असतो. यास्तव खालून निघतानाच, उकडत असले तरी, वारा न शिरणारे जाकीट बरोबर असावे आणि चढ लागण्यापूर्वी ते अंगात चढवावे. गळ्याभोवती कापडी पट्टी आणि हातांत मोजे असले की निम्मी थंडी तेथेच अडते. जाकीट नसेल तर जुन्या सायकलस्वारांची युक्ती अद्याप निरुपयोगी झालेली नाही: वर्तमानपत्राची जाड घडी सदऱ्याच्या आत छातीवर ठेवावी.

पावसाचेही असेच. क्यूरपिपविषयी थट्टेने म्हणतात की तेथे दोनच ऋतू असतात, एक पावसाचा आणि दुसरा अधिक पावसाचा. पोर्ट लुईस ऊन असताना मोका डोंगररांगेवर ढग बसलेला दिसला, तर पावसाळी पोशाख खालीच चढवावा. पाऊस लागल्यावर महामार्गाच्या कडेस थांबून एका पायावर उड्या मारीत विजार चढविणाऱ्या स्वारांस पाहून हसू येते. पण त्यांच्या मागून वाहने येत असतात आणि पावसात त्यांच्या चालकांसही नीट दिसत नसते. पुलाखाली आसऱ्यास उभे राहणे हे त्याहून घातक. थांबावयाचे तर महामार्ग सोडून पेट्रोल पंपापाशी थांबावे. सदरा व विजार असा दोन तुकड्यांचा पोशाख सर्वांत बरा. विजारीची टोके बुटांच्या बाहेर असावीत, नाहीतर पाणी थेट मोज्यांत उतरते. शिरस्त्राणाची काच थंड पावसात आतून धुक्याने भरते. ती बोटभर उघडी ठेवावी; घरून निघण्यापूर्वी भांड्याच्या साबणाचा पातळ हात आतून फिरवून तो कोरड्या फडक्याने पुसून टाकला तर धुके कमी धरते. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या दिव्यांचे फटाके करून दाखविते; ती बदलावी, आणि रात्री काळी काच तर वापरूच नये. सरीच्या पहिल्या काही मिनिटांत रस्त्यावरील तेलकटपणा वर येतो आणि पांढरे पट्टे निसरडे होतात. कोरड्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचे अंतर, म्हणजे ८० च्या वेगास सुमारे ४५ मीटर, राखावयाचे असते. पावसात ते दुप्पट करावे.

कपड्यांविषयी एवढेच सांगणे पुरे की, फडफडणारे काहीही अंगावर नसावे. सैल जाकीट फडफडत राहिले तर ते मान व खांदे मागे खेचत राहते. कामाची पिशवी हँडलला अडकविण्याची सवय गावात चालून जाते. महामार्गावर ती झोके घेऊ लागली की पुढचे चाक तिच्या तालावर चालते. पाठीवरची पिशवी छातीशी पट्टा बांधून घ्यावी, किंवा मागे पेटी बसवून घ्यावी. आजोबांनी नातवास वाढदिवसाला नवा टेलिफोन देण्यापेक्षा उत्तम हातमोजे व पावसाळी पोशाख दिला, तर आजीचा जीव निम्मा खाली बसेल.

आता वाहनाकडे वळावे. आपल्याकडे नवशिक्याची दुचाकी बहुधा ११० ते १५० घनसेंटीमीटरची असते. फलकावर ११० ची मर्यादा लिहिलेली असली तरी अशा वाहनास त्या वेगाशी काही कर्तव्य नाही. लहान इंजिन आपल्या शक्तीच्या शेवटच्या टोकास राबू लागले की त्याचे कंपन हँडल, आसन व पायदांड्या यांतून अंगात उतरते. वीस मिनिटांत तळहात बधिर होतात. ७० ते ८० च्या दरम्यान तेच इंजिन शांत चालते, आणि गरज पडल्यास पुढे सटकण्यापुरता जोर शिल्लक राहतो. डाव्या पट्ट्याने जावे. मागून कोणी घाई करीत असेल तर त्यास उजवी बाजू मोकळीच आहे. मात्र डावीकडून महामार्गास मिळणाऱ्या वाहनांकडे लक्ष असावे. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, वाहन थंड असताना, पाहावी. कमी हवेच्या टायरवर वाऱ्याचा डगमगाट दुणावतो, आणि बिचारा नवशिका त्याचा दोष आपल्या धैर्यास देतो.

महामार्गास मिळण्याचा क्षण आणि तो सोडण्याचा क्षण, हे दोन्ही कठीण. मिळताना पुष्कळ नवशिके घाबरून हळू येतात. ५० च्या वेगाने ९० च्या प्रवाहात शिरणे हे मुळीच सुरक्षित नव्हे. जोडरस्त्यावरच वेग वाढवून, आरसा व खांद्यावरून एक दृष्टी टाकून, प्रवाहाच्या चालीने आत यावे. सोडण्याची अडचण याच्या उलट. अर्धा तास ८० ने गेल्यावर डोळ्यांस तो वेग अंगवळणी पडतो आणि ५० म्हणजे जवळजवळ थांबल्यासारखे वाटते. आपल्या महामार्गांवर मध्येच गोलचक्रे, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘रोंप्वें’, येतात. तेथे पोहोचताना वेगाचा अंदाज डोळ्यांनी करू नये, काट्याकडे पाहावे. नुसत्या अंदाजावर विसंबणारा गोलचक्रात शिरतो तेव्हा त्यास वाटते त्याहून दहा-पंधरा किलोमीटरने तो अधिक वेगात असतो.

हे सारे एका दिवसात अंगी येत नाही, आणि सोमवारी सकाळी सात वाजता पोर्ट लुईच्या गर्दीत तर मुळीच येत नाही. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो. प्रथम एका ठिकाणी महामार्गास मिळावे आणि पुढच्याच फाट्यावर सोडावे. थांबावे, चहा प्यावा, आणि अंगाचा कोणता भाग दुखतो आहे, हे प्रामाणिकपणे पाहावे. दुखणे खोटे बोलत नाही. मनगट दुखत असेल तर भार हातांवर आहे. मान दुखत असेल तर शिरस्त्राण सैल आहे किंवा वाराकाच चुकीच्या उंचीची आहे. चालत्या दुचाकीवर किंचित उंच होऊन बसल्यावर थडथड कमी झाली तर दोष काचेचा. कंबर दुखत असेल तर पाठ पोत्यासारखी बसली आहे. खांदे दुखत असतील तर भीती अजून गेलेली नाही. तिची लाज वाटण्याचे कारण नाही, पुढच्या रविवारी आणखी एक फाटा पुढे जावे. काही स्वारांस चार रविवार पुरतात, काहींस दहा लागतात. मित्रांच्या थट्टेला भिऊन पहिल्याच दिवशी विमानतळापर्यंत जाऊन येणारे असतात; ते परत येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असतो आणि हात चहाचा पेला धरण्याजोगे नसतात.

पोटाचाही यात भाग आहे. उन्हाळ्यात वाऱ्यामुळे घाम दिसत नाही, पण अंगातील पाणी जात असते. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. महाशिवरात्रीचा उपवास धरून गंगातलावास जाणाऱ्या तरुणांनी याचा विशेष विचार करावा. उपवासाच्या दिवशी दुचाकी मागे ठेवून सोबत्यांच्या गाडीतून गेल्याने व्रतास बाध येत नाही. आणि त्या रात्री रस्त्याच्या कडेने पायी चालणारे सहस्रावधी यात्रेकरू असतात, हेही ध्यानात घ्यावे. रात्रपाळीनंतर येणारी पेंग ही भुकेहून कठीण. तिच्यावर आरती गुणगुणण्याचा उपाय चालत नाही. अर्धा तास कामाच्या ठिकाणीच डोळे मिटून मग निघावे.

मागे बसणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सणाच्या दिवशी लुगड्यात किंवा ओढणी घेऊन दुचाकीवर मागे बसलेल्या लेकीसुना दिसतात. गावातल्या गावात त्यांना त्याचे काही वाटत नाही. महामार्गाच्या वाऱ्यात पदर सुटला की तो मागच्या चाकाकडे ओढला जातो, आणि साखळीत गुंतलेले वस्त्र सोडविण्यास कोणासही अवसर मिळत नाही. दोन्ही बाजूंस पाय टाकून, विजार घालून बसावे. लुगडे घडी करून पिशवीत न्यावे आणि नातलगांच्या घरी नेसावे. सासूबाईंनी याविषयी कुरकुर करू नये, उलट त्यांनीच ही रीत घालून द्यावी. शिवाय मागे भार आला की टायरात हवा थोडी अधिक लागते व ब्रेकला अंतर अधिक लागते. मागच्याने स्वाराच्या कमरेस धरावे, खांद्यास नव्हे, म्हणजे त्याचे हात मोकळे राहतात.

गणेशचतुर्थीस हे सारे एकत्र येते. सण ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे व्यापारी वारे जोरात, ऊस अर्धामुर्धा तोडलेला, लॉऱ्या रस्त्यावर, आणि साऱ्या बेटावरची मराठी मंडळी वाक्वा, कास्काव्हेल, बांबू, प्लेन मान्यें अशी एकमेकांकडे निघालेली. सरकारी सुट्टीमुळे रस्ता त्या दिवशी गजबजलेला असतो. तरुण मंडळी विसर्जनास नदीत किंवा समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उतरतात, नाचतात, प्रसाद घेतात, आणि मग ओल्याच विजारीने, अनवाणी किंवा चपला अडकवून, संध्याकाळच्या वाऱ्यात पठाराकडे परत फिरतात. पाच अंशांचा उतार आणि ओले कापड मिळून काय होते, हे वर सांगितलेच आहे. त्यातून नाचून पाय दमलेले, गळा बसलेला, आणि अंधार पडलेला. विसर्जनास निघताना पेटीत एक कोरडा सदरा, कोरडी विजार, मोजे, बूट आणि टॉवेल घ्यावा. किनाऱ्यावरच अंग पुसून कपडे बदलावेत, प्रसादाबरोबर काहीतरी गरम पोटात जाऊ द्यावे, दिवे व काच पुसून घ्यावी. आणि एखाद्या नवशिक्यास वाटलेच की आज महामार्ग नको, तर त्याने दुचाकी मामाच्या अंगणात ठेवून बसने घरी यावे. ती दुसऱ्या दिवशी उजेडात आणता येते.